ब्राझोस बिलची बायको

शुगर लँड,
८ ऑक्टोबर २०२५

ती. रत्नाताईस,
सा. न. वि. वि.

विमानतळावर बॅग मी उचलली, ती प्रतिमाने माझ्या हातातून काढून घेतली आणि मागे न बघता आत गेली. हे पत्र पोचेल तोवर ती तुझ्याकडे चार दिवस जेवलेली असेल. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं की तू फोन ठेवतेस. म्हणून लिहितो.

कारण माझी रायफल. ती काही युद्धातली नाही. १८६६ सालच्या रायफलीची हुबेहूब नक्कल, इटलीत घडवलेली, गेल्या वर्षीची. पितळी अंग, अक्रोडाचा दस्ता. खालचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढला की रिकामं काडतूस वर उडतं आणि नवं जागेवर बसतं. तो आवाज ऐकलास तर तूही मान डोलावशील. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नेमबाजीच्या क्लबात सामना असतो. लोखंडी ताटं उभी करतात, ती पाडायची नसतात, वाजवायची असतात. नियमच आहे की कपडे एकोणिसाव्या शतकातले हवेत आणि प्रत्येकाला त्या काळचं एक नाव हवं. आमच्याजवळून ब्राझोस नदी जाते, म्हणून मी ब्राझोस बिल. यात हसण्यासारखं काही नाही. सगळे निवृत्त, सज्जन लोक आहेत.

प्रतिमाला बंदुकीची भीती वाटते. निवृत्त माणसाने एखादा छंद ठेवला तर बायकोने घर सोडावं का, हे तू तिला विचार. तुझं ती ऐकते. दिवाळीच्या आत पाठव.

प्रकृतीला जप. धाकट्यावरचा लोभ रागासकट असू दे.

तुझा,
रवींद्र


बॉथेल,
१३ ऑक्टोबर २०२५

रा. रा. ब्राझोस बिल यांस, म्हणजे चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण पहिल्यांदा मला वाटलं की मीच चुकीचं वाचते आहे.

तू चौतीस वर्षं पंपांची सील तपासलीस. मधमाशी घरात आली तर प्रतिमाला हाक मारायचास. आता एकाहत्तराव्या वर्षी तुला गुराखी व्हायचं आहे, तेही इटलीतून मागवलेल्या सामानावर. ताटं किती लांब असतात म्हणून मी प्रतिमाला विचारलं. ती म्हणाली, बारा-पंधरा पावलं. एवढ्या अंतरावरून लाटणं फेकलं तरी माझा नेम चुकणार नाही. इथे रेडमंडला देवांगला सांगितलं, तर तुझा मुलगा इंग्लिशमध्ये म्हणाला की ही काडतुसं घालून केलेली फॅन्सी ड्रेस स्पर्धा आहे. त्याला डोकं आईचं आहे.

प्रतिमा मजेत आहे. पाऊस लागला आहे तरी रोज चालायला जाते. पण भीतीचं काही मला दिसत नाही. काल सकाळी चहा घेताना तिने शांतपणे विचारलं की इथून जवळचं नेमबाजीचं मैदान किती मैलांवर आहे. घाबरलेली बाई असं विचारत नाही. पुढे ती असंही म्हणाली की तांदळाचा एक दाणा किती नुकसान करू शकतो, हे रवींद्रला विचारा.

म्हणून विचारते. कसला दाणा? मी चाळीस वर्षं लोकांना भूल दिली आहे. तू मला देऊ नकोस.

औषधं वेळेवर घे. टोपी घालून गाडी चालवू नकोस. आशीर्वाद आहेतच, लायकीपेक्षा थोडे जास्त.

तुझी,
ताई


शुगर लँड,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाण्याचं सांगतो. मोठी गोष्ट नाही.

खंडेनवमीला मी रायफलीची पूजा केली. आपले अण्णा पान्हे आणि करवत पाटावर मांडत होते, ते तुला आठवत असेल. शस्त्र घरात आहे तर पूजा नको का? आदल्या दिवशी पितळ चिंचेने घासलं. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, अक्षता टाकल्या. फोटो क्लबच्या लोकांना पाठवले. सगळ्यांना फार आवडले. एकाने त्याच्या पिस्तुलासाठी हार कुठे मिळेल म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी सामना. प्रतिमा पहिल्यांदाच बघायला आली होती. माझ्या चार गोळ्या छान गेल्या. पाचवीला लिव्हर अर्ध्यात अडकला. घड्याळ चालू, मागे वीस माणसं उभी. मी म्हणालो की इटालियन स्प्रिंग गेली. क्लबचा अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहे. त्याने गोळ्या काढून घेतल्या, आत टॉर्च मारला आणि काही दिसत नाही म्हणाला. प्रतिमा पुढे आली. केसातली पिन काढली, आत घातली आणि तांदळाचा दाणा बाहेर काढला. कुंकू लागलेला. तो तिने तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. ताई, वीस माणसं हसली. मिशा लावलेली माणसं.

हे तिने गाडीत बसल्यावर हळूच सांगायला हवं होतं. मी घरी येताना एवढंच म्हणालो. त्यावरून कोणी बॉथेलला जातं का?

उद्यापासून दिवाळी. चकली मी दुकानातून आणली. नरम आहे.

तुझ्या शब्दाचं अजून तिच्यावर वजन असेल, ते टाक. मोठ्यांनी लहानांचं इतकं तरी करावं.

तुझा,
रवींद्र


बॉथेल,
२३ ऑक्टोबर २०२५

चि. रवीस,
आशीर्वाद.

आज भाऊबीज. ओवाळायला तू नाहीस, म्हणून खरं बोलायची सवड आहे.

तुझ्या पत्रात दाणा निघाला, आणि लगेच तू गाडीत बसलास. मधला भाग मला प्रतिमाने सांगितला. मी विचारला म्हणून सांगितला, तोही चकल्या पाडता पाडता. इथल्या कुरकुरीत झाल्या.

दंतवैद्याने रायफल तिच्याच हातात दिली. जिने दुरुस्त केली तिनेच चालवून बघावी, असं तो म्हणाला. तिने कधी बंदूक धरली नव्हती. लिव्हर कसा ओढायचा ते त्याने दोनदा दाखवलं. मग तिने दहा गोळ्या मारल्या आणि दहा ताटं वाजली. चोवीस सेकंदांत. पाहुण्यांचीही नोंद होते, असा तुमचा नियम आहे. नोंदी लिहिण्याचं काम तुझ्याकडे असतं. संध्याकाळी क्लबची यादी आली. त्यात तू होतास, अडकलेली रायफल धरून एकोणिसावा. प्रतिमा नव्हती. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

रवी, ८४ साली तुझा तो शोधनिबंध छापून आला. त्यातली आकडेमोड तिची होती. तेव्हा ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. होती आणि तुझ्या टेबलापाशी बसून रात्रंदिवस ती करत होती. मी पाहिलं आहे. शेवटी तू ग्रंथपालाचे आभार मानलेस. प्रतिमाचं नाव राहून गेलं म्हणालास. मी गप्प बसले. ती माझीही चूक, आणि तिची मला लाज वाटते.

आता मी तिला परत जा म्हणणार नाही. तिने मला तसं विचारलेलंही नाही. ती इथे माझी वरची खोली रंगवायचं म्हणते आहे. रंग आणला आहे. दोन हात द्यावे लागतील, असं डब्यावर लिहिलंय.

हे वाचून राग आला तर येऊ दे. माझी माया त्याने आटणार नाही, पण त्या मायेवर यापुढे विसंबू नकोस.

तुझी,
ताई


शुगर लँड,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस राहिला. मग गेला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट आहे.

तुला एक गोष्ट माहीत नाही. प्रतिमालाही नाही. त्या दिवशी दंतवैद्याने मला विचारलं की हिचं नाव तू काय लिहितो आहेस. मी म्हणालो, लिहीत नाही. आमच्या संस्कृतीत बायकांना असं चारचौघांत नाव लावलेलं आवडत नाही. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि बाकीच्यांना जाऊन सांगितलं. म्हणून दहा ताटं वाजवूनही तिचं अभिनंदन कोणी केलं नाही. सगळे लांबून टोप्या काढून उभे राहिले. तिला वाटलं असेल की या लोकांना आपण इथे नको आहोत.

संस्कृती मी पहिल्यांदाच कामाला लावली असं नाही. ग्रंथपालाच्या वेळी मी तुला म्हणालो होतो की नवऱ्याने बायकोचे जाहीर आभार मानणं आपल्यात बरं दिसत नाही. तू विसरली असशील. मी विसरलो नव्हतो.

आज त्या दंतवैद्याच्या घरी गेलो. साध्या कपड्यांत. खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला की नोंदीचं काम यापुढे दुसरं कोणी बघेल. माझ्यासमोर बसून त्याने यादी दुरुस्त केली. त्या फेरीत प्रतिमा दुसरी आली. मी आता विसावा. नाव विचारलं तेव्हा मी प्रतिमा रवींद्र सांगणार होतो. नुसतं प्रतिमा सांगितलं.

संस्कृतीचं वर लिहिलं आहे ते तिला वाचून दाखव. मी फोनवर सांगू शकणार नाही. यादी मी तिला फोनवर पाठवली आहे, खाली एक ओळ लिहून. ती ओळ तुला सांगत नाही.

ये म्हणायचा हक्क मला नाही. घर आहे तिथेच आहे, एवढं तिला कळव. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते या खेपेला तूच ठरव.

तुझा,
रवींद्र

ता. क. ३० ऑक्टोबर. पाकीट चिकटवायचं होतं, तेवढ्यात सकाळी सातला प्रतिमाचा फोन आला. शनिवारी पहाटेच्या विमानाचं तिकीट काढलं आहे म्हणाली. म्हणजे हे पत्र पोचायच्या आत ती निघेल आणि संस्कृतीचं मलाच तोंडाने सांगावं लागेल. विमानतळावर किती वाजता येऊ म्हणून मी विचारलं. येऊ नका, त्या दिवशी सामना आहे, टॅक्सी करून थेट मैदानावर येईन, असं म्हणाली. रायफल घेऊन यायला सांगितली. मी कशाने खेळायचं, ते विचारायचं राहिलं.