आयपेरीच्या पाठीचे बावीस अंश

कोचकोर, ३ मार्च

आदरणीय रायकान एजे,

धाकट्या भावजयीचा, असिल्कानचा, सलाम घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? बिश्केकमधलं बर्फ वितळलं का? वरच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांचा गळका नळ दुरुस्त केला का? (हे मी मनापासून विचारते आहे. पण उत्तर ऐकण्याइतकं माझं चित्त सध्या थाऱ्यावर नाही, हेही सांगून टाकलेलं बरं.) इकडे तुमचा भाऊ तालाय ठीक आहे. मेंढ्याही ठीक आहेत, एक सोडून. तिच्याबद्दल पुढे येईलच.

एजे, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली त्याची आधी माफी मागते. सप्टेंबरात शाळेतल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी आमच्या आयपेरीला पुढे वाकायला सांगितलं आणि पाठीवर बोट फिरवून म्हणाल्या, "कणा वाकडा आहे, हाडांचा फोटो काढा." फोटोत बावीस अंश निघाले. तेराव्या वर्षी पोरं झपाट्यानं वाढतात आणि त्यांच्याबरोबर वाकही वाढू शकतो. पंचवीसच्या पुढे गेला तर कडक पट्टा, तो दिवसातले वीस तास अंगावर. त्याच्याही फार पुढे गेला तर काय, ते मी वाचलं आहे, पण लिहिणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी मोजणी कार्यालयात वीस वर्षं लोकांच्या बांधांचे कोन मोजते आहे. तीन अंशांत माणसाचं अख्खं परस शेजाऱ्याच्या घशात जाताना मी पाहिलं आहे. त्यामुळे बावीस आणि पंचवीस यांच्यामध्ये किती जागा असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

पट्टा आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून ठरवलं की घरच्या घरी, थोडक्यात जे होईल ते सगळं करायचं. पहिल्यांदा तालायनं कोठीचं दार काढून तिच्या गादीखाली घातलं. (बिजागऱ्या काढायला विसरला. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं.) मग अंगणात लोखंडी दांडा ठोकला. रोज सकाळी तिनं त्याला लोंबकळायचं आणि मी तिच्यामागे ओळंबा धरून उभी राहायचं. आमच्या बोकडाला वाटायचं की ही सोय त्याच्यासाठी केली आहे. तो तिच्या मोज्यांना ढुशा द्यायचा. मी रोजचे अंश वहीत लिहीत होते. एकाच सकाळी मला एकोणीस, बावीस आणि सत्तावीस असे तीन आकडे मिळाले. सरासरी काढली, तेव्हा जरा बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच शंका आली की आपण सरासरी पोरीसाठी काढली की स्वतःसाठी. तेवढा दिवस वहीत कोरा सोडला आहे.

मग तुर्दुबेक हाडवैद्य. तुम्ही हसाल. मीही शिकलेली आहे, मलाही हसू यायला हवं होतं, पण भीतीला पदवी दाखवून काही उपयोग होत नाही. तो म्हणाला, नुकत्याच कापलेल्या मेंढीचं कातडं, ऊब असतानाच, उघड्या पाठीला गुंडाळा, आणि मांस शिजेपर्यंत काढू नका. तालाय म्हणाला, एक मेंढी तर आहेच. मी म्हणाले, गुपचूप करायचं, कुणाला कळता कामा नये. आणि इथेच, एजे, आम्ही दोघं जन्मात पहिल्यांदाच या गावात आल्यासारखे वागलो. मेंढी कापायची आणि माणसं बोलवायची नाहीत असं घर आपल्या गल्लीत आहे का? चुलीवर मोठी कढई चढली, धूर निघाला, आणि अर्ध्या तासात दारात बुटांच्या नऊ जोड्या! तालायनं कुणालाही बोलावलं नव्हतं. फक्त कुंपणावरून एकानं विचारलं, "काय विशेष?" आणि तुमच्या भावाला खोटं बोलता येत नाही तसं खरंही सांगता येत नाही. तो म्हणाला, "घरातलंच आहे."

आत्ता मला हे लिहितानाही घाम फुटतो. आयपेरी मागच्या खोलीत कातड्यात गुंडाळलेली, पोटावर पालथी, आणि पुढच्या खोलीत मी कुणाला कुठलं हाड द्यायचं या विवंचनेत. लक्ष असं उडालं होतं की सगळ्यांत वडीलधाऱ्याला द्यायचं मानाचं हाड मी पोस्टमनच्या मेव्हण्यापुढे ठेवलं. सगळे त्या हाडाकडे पाहू लागले. मग गल्लीतल्या थोरल्या आजोबांनी खाकरून तळवे पुढे धरले आणि दुआ मागितली: या घरात मुलगा होवो, सुखरूप होवो, दमदार होवो. घरातलंच आहे म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार? मी चव्वेचाळीस वर्षांची आहे! तालायनं चेहऱ्यावरून हात फिरवून आमीन म्हटलं. (नंतर म्हणाला, "मोठ्यांची दुआ अर्ध्यात कशी तोडायची?") भिंतीपलीकडून मला खुसखुस ऐकू आली. मला वाटलं, आयपेरी रडते आहे. जाता येईना.

आणि कोट! एजे, मी कोटांचा विचारच केला नव्हता. पाहुण्यांचे कोट नेहमीप्रमाणे मागच्या खोलीतल्या गादीवर रचले गेले. कुणी रचले ते अजून कळलेलं नाही, सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात. अंधाऱ्या खोलीत लोकरीचा ढीग दिसला, त्यावर आणखी लोकर टाकली, झालं. तुमच्या काकू सोनुनबू आपा निघताना आपला कोट घ्यायला आत गेल्या, ढिगात हात घातला, तर ढीग अदबीनं म्हणाला, "आपा, तुमचा डाव्या बाजूला आहे."

पुढचं गल्लीभर ऐकू गेलं, बिश्केकपर्यंत आवाज आला नाही एवढंच. सगळे धावत आले. आपा दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मला सगळं सांगावं लागलं, नऊ जणांसमोर, कोट बाजूला काढत काढत. वाटलं होतं, आता कुजबूज सुरू होईल, मुलीची पाठ गावभर होईल. आपांनी कातड्याचं एक टोक उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "असिल्कान, तू कॉलेजात गेली होतीस ना? अगं, या मेंढीचीच पाठ कधी सरळ होती?"

आयपेरीच्या पाठीवर पुरळ उठलं, तीन दिवस ताप होता. ते तीन दिवस वहीत आहेत, तुम्हाला दाखवणार नाही. व्यायाम शिकवणारी जिल्ह्याच्या दवाखान्यातली मुलगी (माझ्या निम्म्या वयाची असेल) मला रागावली. कातडं नको, दार नको, वैद्य नको. जाड लोकरी फेल्टची गुंडाळी बरगड्यांखाली घ्यायची, कुशीवर पडायचं, आणि खोलगट बाजूत श्वास भरायचा, रोज पाऊण तास. यानं वाक जाईलच असं नाही, वाढला नाही तरी पुष्कळ. आणि पहिल्या फोटोनंतर सहा महिन्यांनी दुसरा. मग माझी वही पाहून म्हणाली, "ताई, घरी मोजणं बंद करा." मी बंद केलं. एकदाच नियम मोडला. परवा खिडकीतून पाहिलं, आयपेरी गुंडाळीवर पडून शांत श्वास घेत होती आणि दोन्ही खांदे जवळपास एका रेषेत होते. मी दार उघडून आत गेले. उजवा खांदा कानापाशी गेला. बाहेर येऊन पुन्हा पाहिलं. खाली आला. हे मी वहीत लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं, कारण खरं होतं.

तब्येत सांभाळा. गुडघे गरम मिठानं शेका, कातडं नको.

तुमची,
असिल्कान

ता. क. हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. सहा महिन्यांचा फोटो १९ तारखेला बिश्केकमध्ये आहे, इथल्या यंत्रात अख्खी पाठ मावत नाही, पहिला दोन तुकड्यांत काढून जोडला होता. आयपेरी म्हणते, "रायकान एजे येऊ देत. आई नको. आईचा चेहरा पाहिला की मला वाटतं मी मरणार आहे." तुम्ही तिला न्याल का? तुम्हाला आपणहून सुचलं असं तालायला फोनवर सांगा.

ता. क. २ आकडा मला कळवू नका. म्हणजे कळवा, पण तालायला. नाही, तो "घरातलंच आहे" म्हणेल. आधी आयपेरीला विचारा, तिला कुणी सांगावंसं वाटतं.

ता. क. ३ तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे लिहिणं मनाला पटेना, म्हणून पत्र तिला वाचून दाखवलं. कोटांपाशी ती इतकी हसली की गुंडाळीवरून खाली पडली. पहिल्या ता. क.पाशी मात्र उठून बसली. मग म्हणाली, "आई, तू पण चल. पण बाहेर थांब." मी विचारलं, बाहेर म्हणजे किती बाहेर? तिनं नीट विचार केला. "आत असताना मला तुझा चेहरा दिसायला नको. पण बाहेर आले की लगेच दिसायला हवा." तेव्हा एजे, दोघींचं अंथरूण घाला, आणि अशी जागा तिथे कुठे आहे तेवढं आधी जाऊन पाहून ठेवा.