तिसरा भाग आला होता

बाबा, ते पुस्तक अर्धवट राहिलं नव्हतं. त्याचे तिन्ही भाग छापून आले होते, आणि तिसरा मी नुकताच ऐकून संपवला. ऐकला म्हणजे कानांनीच. हल्ली पुस्तकं फोनवर येतात, कुणीतरी बाई नाहीतर बुवा ती वाचून दाखवतात, आणि आपण कानात बोंडं घालून मेथी निवडत बसायचं. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला ही लॉटरीच लागली. जोडाक्षर आलं की मी अडखळते, आणि ती बाई बघा, कशी सरळ पुढे निघून जाते. नातीने हे लावून दिलं तेव्हाच म्हणाली, "आजी, आता तुझी वाट लागली. तू जेवायलासुद्धा उठणार नाहीस." खरंच उठत नाही. सून हाका मारून दमते.

इथे बोरिवलीला आम्ही काही जणी संध्याकाळी बिल्डिंगखाली बाकावर बसतो. पूर्वी सुनांवर बोलायचो, आता पुस्तकांवर बोलतो, त्यामुळे सुनाही खूश आहेत. वरच्या मजल्यावरची एक बँकेतून रिटायर झालेली आहे, तिला कुठलंच पुस्तक पसंत पडत नाही. "उगाच डोक्यावर घेतलंय गं लोकांनी," हे तिचं ठरलेलं. दुसरी म्हणते, पुस्तक बरं आहे पण वाचणाऱ्याच्या आवाजाने झोप येते. त्या दिवशी विषय निघाला अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकांचा. दोन भाग लिहायचे, लोकांना टांगून ठेवायचं आणि लेखक गायब. मी म्हटलं, हे काय आजचं आहे? आणि तुम्ही आईला वाचून दाखवायचात त्या पुस्तकाचं नाव घेतलं. म्हटलं, मुलगी मनोरीच्या होडीत बसते आणि दुसरा भाग संपतो. पुढचा आलाच नाही.

बँकवालीने मला तिथेच थांबवलं. "मनोरी? अगं, ते घाटावरच्या सावकाराच्या घरातलं पुस्तक. त्यात समुद्र कुठून आला? आणि ती मुलगी तर पहिल्या भागातच क्षयाने जाते."

"जात नाही," मी म्हटलं. "ती मुंबईला येते. आरेच्या तबेल्यात कामाला लागते."

"आरेच्या? मग तिथून बस पकडून बोरिवलीला आली असेल ना, तुझ्याकडे चहाला," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण घरी आल्या आल्या नातीला म्हटलं, ते पुस्तक शोध.

सुरुवात तीच होती, बाबा. सावकाराच्या अंगणातली ती केळ, तिथे भांडी घासणारी ती मुलगी, सगळं तसंच्या तसं. मग मुलगी खोकायला लागते. तुमच्या पुस्तकात तिला वैद्याचा काढा लागू पडला होता. इथे वाचणाऱ्या बाईने रडवेला आवाज काढून वगैरे मुलीला मारून टाकलं. मी फोन बंद केला आणि मेथी तशीच घेऊन बसले.

घाटकोपरची आपली खोली. कामावरची पहिली पाळी सुटून तुम्ही येता, हातपाय धुता, चहा घेता, आणि खाकी कव्हर घातलेलं लायब्ररीचं पुस्तक उघडता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून खोकत पडलेली. मला तिच्या जवळ जायची बंदी, म्हणून मी उंबऱ्यावर बसते. तुम्ही बोटाला थुंकी लावून पान उलटता, वाचता, परत उलटता. घाटावरच्या पुस्तकाला आरेच्या रस्त्यावरचा म्हशींचा वास कसा ठाऊक, कुर्ल्याचा बाजार कसा ठाऊक, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पुस्तकात सगळं असतं, असं वाटायचं. अख्खा दुसरा भाग तुमचा होता तर. पान मात्र बरोबर वेळेवर उलटायचात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, की डोळे पुसायला पदर पुरेना.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही, ती सांगायची आहे.

एके दिवशी आई म्हणाली होती, "तां पान परत वाचा बगूया." तुम्ही परत वाचलंत. मी उंबऱ्यावरून बोलले, "बाबा, मघाशी तिचं लुगडं लाल होतं, आता हिरवं कसं?" तुम्ही पानं मागेपुढे उलटायला लागलात. आईच म्हणाली, "गप ऱ्हव गो. तिची दोन लुगडी आसतली." मला वाटलं, खरंच असतील.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळीला गेल्यावर तिने मला हाक मारली. लांबूनच. म्हणाली, "त्यांका सांग, त्या चेडवाक आता दर्यार न्हेवा. माझां नाव घेव नको." मी तुम्हाला सांगितलं, बाबा, तिला समुद्रावर जाऊ दे ना. तुम्ही म्हणालात, बघू पुस्तकात काय लिहिलंय ते. आणि त्याच दिवशी मुलगी मार्व्याच्या जेट्टीवर पोचली. वाळत घातलेले बोंबील आले, खारा वारा आला. आईने भिंतीकडचं तोंड तुमच्याकडे वळवलं, ते वाचून होईपर्यंत परत फिरवलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरीचा हट्ट पुरवला. तो हट्ट आईचा होता. तिला सगळं कळलं होतं, आणि तुम्हाला ते कळू नये म्हणून तिने मला पुढे केलं. मी निरोप्याचं काम केलं, पण काय निरोप नेतेय ते मला आता, या वयात, मेथी निवडताना समजलं.

मुलगी होडीत बसली आणि आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "तिसरो भाग इलोच नाय." त्यानंतर तुम्ही कुणाला पुस्तक वाचून दाखवलेलं मला आठवत नाही. आईला आपण फसवलं, असं तर मनात नव्हतं ना? तसं असेल तर ते काढून टाका. तिने तुमच्याकडून मागून घेतलं होतं.

नात म्हणाली, "आजी, तू नुसतं बोल, फोन लिहील." मी म्हटलं नको, घरभर ऐकू जातं. म्हणून हे हाताने लिहितेय, जोडाक्षरं चुकली असतील. बाकावर मी सांगून टाकलं की माझीच गल्लत झाली असेल. बँकवाली म्हणाली, होतं गं या वयात. होऊ दे. आपल्या खोलीतलं तिला कशाला सांगू.

आणि एक. ती मुलगी नसताना पुढे काय उरलं असेल, असं म्हणत म्हणत मी दुसरा भाग ऐकला, मग तिसरापण, अगदी शेवटपर्यंत. बँकवालीसारखं नाक मुरडायचं ठरवूनच ऐकत होते. पण पुस्तक चांगलं आहे, बाबा. वाईट निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं.