सूचकाची सही

अमळनेर, मंगळवार, दिवेलागण

आज छाननीत मी सांगितलं, सुनंदाच्या उमेदवारी अर्जावरची सूचकाची सही माझी नाही. अर्ज बाद झाला. एवढंच. एवढंच?

तीस वर्षं कॉलेजात शिकवलं: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार सभागृहात नाही, हॉटेलच्या खोलीत ठरायचा. पाठिंबा द्या, मंत्रिपद घ्या. तेव्हा हीच सुनंदा पहिल्या बाकावरून म्हणाली होती, "सर, लाज नाही वाटली त्यांना?" मी ऐटीत हसलो होतो.

मला तर मंत्रिपदही नाही. समोरच्या उमेदवाराचे वडील, नाना, एवढंच म्हणाले, "तुमच्या मुलीची शिरपूरहून इकडे बदली करून देतो." खोलीसुद्धा लागली नाही. रसवंतीवर उभ्याउभ्या ठरलं.

सुनंदाची आई विचारत राहिली, "सर, हाई सही तुमनी शे ना?" मी पेनाचं टोपण काढलं.

ती सही काही डोळ्यांपुढून जात नाही. अधिकाऱ्यांनी माझा जबाब लिहिला, 'सही माझी नाही', आणि त्याखाली सही करायला लावली. हाताला सवय, केली. सुनंदाने दोन्ही कागद शेजारीशेजारी पाहिले. हुबेहूब.

मग तिने टेबलावरचं माझं पेन उचललं, टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"सर, राहून जाईल."