थाळी न वाजवण्याची कारणं

निपाणी, ३० जुलै १९३८
पद्मावती पंचमीला म्हणून आज सदलग्याला माहेरी गेली. भावजय अवघडलेली, बाळंतपण उरकूनच येईन म्हणाली. गाडी दारात उभी, तरी हिच्या सूचना संपेनात. रोज सकाळी परसातल्या कट्ट्यावर दोन मुठी जोंधळा टाका. पाखरं टिपून जाईपर्यंत तिथंच बसा. झडप घालणारा पक्षी दिसला की थाळी वाजवा. आणि चिंगीच्या बुट्टीचं झाकण बांधलंय ते सोडू नका, कण्या विणीच्या फटीतनं टाका, तिला बाहेर काढू नका.

चिंगी म्हणजे आमचा पंख मोडका होला, कबुतराच्या जातीचं पाखरू. हिनं कण्या भरवून जगवलाय. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात पोर नाही, तेव्हा सगळे लाड चिंगीचे. काळजी करू नको म्हणून मी शब्द दिला.

पावसाळ्यात आमच्या तंबाखूच्या वखारीत काम नसतं. निश्चय: परसात येणारा प्रत्येक शिकारी पक्षी महिन्याभरात ओळखायचा. बेळगाव कॅम्पातला एक साहेब विलायतेला परतताना त्याची दुर्बीण आणि पाखरांचं इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. दोन वर्षं कपाटात पडून आहे. आता सिस्टिमॅटिक काम.

१ ऑगस्ट, सकाळी ८
आला! शेवग्यावर बसला. पुस्तकात म्हटलंय, शेपटीचे पट्टे, छातीचे पट्टे आणि डोळ्याचा रंग, तिन्ही बघावं. शेपटी बघून झाली. तेवढ्यात त्यानं चिमणी उचलली. थाळी वाजवली नाही. वाजवली असती तर उडाला असता, मग ओळखणार कुणाला?

माझं ओपिनियन: बहिरी ससाणा. भांडी घासायला येणारी जयाबाई म्हणाली, शिकरा हाय त्यो, आमची कोंबडीची पिल्लं नेतोय की. बाईला अक्षरओळख नाही. सोडून दिलं.

४ ऑगस्ट
आणखी एक चिमणी. मन खातंय. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, उपाध्ये सांगतात, हिंसा तीन प्रकारची: आपण केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसरा करताना मान डोलावलेली. मी केली नाही. करवली नाही. मान तर मुळीच डोलावली नाही, दुर्बीण डोळ्याला असताना मान हलवताच येत नाही. तरी जेवण गोड लागलं नाही.

९ ऑगस्ट
छाती झाली. राहिला डोळा. पिवळा की नारिंगी? पाखरं थोडी असली की तो लांबच बसतो. म्हणून आजपासून जोंधळा चार मुठी. दयाधर्म दुप्पट झाला, यात वाईट काय?

चार मुठी कशासाठी टाकल्या ते मला माहीत आहे. उद्यापासून थाळी वाजवणार. नक्की.

१० ऑगस्ट
थाळी सापडली, पळी सापडली नाही.

१४ ऑगस्ट
पद्मावतीचं पत्र. भावजयीला मुलगा झाला. पर्युषणाच्या आदल्या दिवशी येते. चिंगी कण्या खाते का, विचारलंय. आठ ओळींच्या पत्रात पाच ओळी चिंगीच्या. उलट टपाली कळवलं: चिंगी खुशाल. हे खरंच आहे.

१८ ऑगस्ट, सकाळी ७
तीन दिवस पक्षी नाही. चिमण्याही शहाण्या झाल्या, कट्ट्याकडं फिरकत नाहीत. दिवस थोडे उरले. चिंगीला कट्ट्यावर ठेवावं म्हणतो. पाचच मिनिटं. बिचारीला ऊन तरी मिळेल.

बाहेर झिमझिम चालू आहे. पण ऊन पडेलही.

त्याच दिवशी, ९
नेली.

थाळी मांडीवर होती. पळीसुद्धा होती. दोन्ही हात दुर्बिणीला. भिंगावर पाणी आलं, डोळ्याचा रंग दिसला नाही. चिंगी ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघत बसली होती. मी पापी माणूस आहे.

१९ ऑगस्ट
पद्मावतीला पत्र. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं: बुट्टीच्या झाकणाची दोरी सुटली होती, मांजरानं डाव साधला. मांजर कुणाचं ते लिहिलं नाही. उगीच कुणावर आळ नको.

जयाबाईनं विचारलं, मांजर कवा आलतं? म्हटलं, पहाटे. ती थाळी लई वेळ घासत बसली.

२९ ऑगस्ट
पद्मावती आली. हातपाय न धुता रिकाम्या बुट्टीजवळ जाऊन बसली. दोरी हातात घेऊन उलटसुलट बघितली. माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं असतं. आता याला मी काय करणार?

निश्चय: पर्वात खोटं बोलायचं नाही. म्हणजे शक्यतो बोलायचंच नाही.

४ सप्टेंबर
पद्मावती एकवेळ जेवते, तेही चिमणीएवढं. दोनदा सांगायला गेलो. एकदा ती जप करत होती, एकदा मला भूक लागली होती. पर्व संपल्यावर क्षमावणीला सांगायचं, हे फायनल. त्या दिवशी जो तो हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो, आणि मागितली की समोरच्यानं द्यायचीच, अशी रीत. पूर्वजांनी फार विचार करून सोय केली आहे.

१० सप्टेंबर, क्षमावणी
बस्तीत सगळ्यांची क्षमा मागितली. वखारीतल्या हमालांची मागितली. ज्या तवनाप्पाशी तीन वर्षं बोलत नव्हतो, त्याचीही मागितली. वाक्य पाठ करतच घरी आलो: पद्मावती, मांजर नव्हतं.

उंबऱ्यात पाऊल टाकलं तर हिनं माझे पाय धरले. हुंदके देत सांगू लागली: गाडी दारात खोळंबली होती, त्या गडबडीत झाकणाची गाठ मी ढिली बांधली असणार. माझ्या हातनं चिंगी मेली. तुमच्या जिवालाही घोर लावला. बारा दिवस सांगीन म्हणते, तोंड उघडत न्हाई. मला क्षमा करा.

ही पायावर डोकं ठेवून वाट बघत होती. मागितली की द्यायचीच, अशी रीत. मी म्हटलं, क्षमा केली.

तिनं डोळे पुसले. आज पहिल्यांदा पोटभर जेवली, मलाही आग्रहानं वाढलं. ताटं उचलताना विचारलं, तुमाला काय मागायचं हाय का माझ्याकडं?

मी म्हटलं, तसं विशेष काही नाही.