शिलाईचं मार्जिन

तीर्थस्वरूप ताईंना,

शिंपी मेहुण्याचा वाकून नमस्कार. (फार वाकवत नाही, पोटात तांब्याभर पाणी आहे.) तुमचे गुडघे आता काय म्हणतात? इकडची काळजी करू नका आणि येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नका.

तुमच्या धाकट्या बहिणीचा किरणांचा शेक सुरू आहे. गाठ गर्भाशयाच्या तोंडाशी आणि शेजारी आतडी, मूत्राशय अशी निरपराध मंडळी राहतात. त्यांना झळ नको म्हणून पोट साफ करून आणि मूत्राशय तुडुंब भरून जायचं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर सरकवून धरतं. म्हणून ती रोज शेकाआधी पाणी पिते आणि दाबून बसते. तिने एकटीने का सोसायचं, म्हणून मीही पितो. (माझी गाठबीठ काही नाही, पण घरात एकजण उपाशी तर दुसऱ्याने जेवू नये, असं मला वाटतं.) फरक एवढाच की ती मुकाट्याने बसते आणि मी खुर्चीभोवती प्रदक्षिणा घालतो.

परवा मात्र माझ्या हातून घोळ झाला. किरण नेमके पडावेत म्हणून तिच्या कमरेवर पेनाच्या खुणा केल्या आहेत. त्यातली एक आंघोळीत फिकट झाली. आता खूण पुसलेली मला बघवेल का? तीस वर्षं हाच धंदा. कापडावर आखायचं पेन घेतलं आणि ठळक रेघ ओढून दिली. हाताच्या सवयीने शिलाईसाठी अर्धा इंच मार्जिनही सोडलं. टेक्निशियनबाईंनी शेकाआधीच ओळखलं, नाहीतर त्या अर्ध्या इंचात आतड्यांची वाट लागली असती. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "ही रेघ कोणाची?" मी म्हणालो, "माझी. बाई, नंतर सैल करायला बरं पडतं."

त्या रागावल्या, पण तुमची धाकटी टेबलावर पडल्या पडल्या हसली. रोगाचं नाव कळल्यापासून पहिल्यांदा हसली, ताई. मला भरून आलं. पण भरलेल्या मूत्राशयाला हसू कुठलं झेपायला? तिला पळावं लागलं आणि पुन्हा पहिल्या घोटापासून सुरुवात. पाठोपाठ मीही पळालो. बाईंनी खूण नव्याने केली आणि मला पेनासकट बाहेर बसायची शिक्षा झाली.

तर सगळं छान चाललंय.

आपला मेहुणा

ता. क. तसदी घेऊ नका असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. याच.

आणखी ता. क. पुढच्या आठवड्यात नळी घालून आतून शेक द्यायचा आहे. ती माझ्यासमोर रडत नाही. मी कोसळेन असं तिला वाटतं. तिला रडायला कोणीतरी हवं. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका.

ताई, हे पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. माझी काळजी करू नकोस. टेबलावर डोळ्यांतून पाणी आलं तर चालतं, हलायचं नाही एवढंच, हे मी टेक्निशियनबाईंना विचारून घेतलंय. माझं रडणं रोज तिथे होतं. यांचं कुठेच होत नाही. दुकानात मशीन नुसतंच चालवत बसतात, खाली कापड नसतं. तू ये आणि यांच्याजवळ बस.