पेपर हाती यायच्या आधी

अष्टमी, रोहा
२७ ऑक्टोबर १९९६

आदरणीय विमलबाई,

नमस्कार. तुमची गुडघेदुखी आता कशी आहे? इथे आत्याकडे सगळे खुशाल. पूल ओलांडून कॉलेजात चालत जाते, त्यामुळे भूक मात्र फार लागते. आत्या म्हणते, "तुझ्या बापाने तुला शिकाया धाडली का जेवाया?"

तुमचं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येऊन, अकरावीला कोणती शाखा घ्यावी यावर मी दहावीच्या मुलींशी बोलावं, असं तुम्ही लिहिलंत. आपल्या शाळेतून सायन्सला गेलेली पहिली मुलगी म्हणून. पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर लिहायला बसते आणि उठते.

बाई, मी आता सायन्सला नाही. ऑगस्टमध्येच आर्ट्सला बदलून घेतलं.

पहिल्या तासापासून सगळं इंग्रजीत. केमिस्ट्रीचे सर "व्हॅलन्सी, व्हॅलन्सी" म्हणत होते आणि मी खाली मान घालून बसले होते. दोन दिवसांनी कळलं, ती आपली संयुजा! तुम्ही शिकवलेली, मला झोपेतही येणारी. पण तोवर सर पुढे निघून गेले होते. इथल्याच वरसे गावातल्या मुली क्लास लावून आलेल्या. त्या हसत नव्हत्या, पण मला हसल्यासारख्या वाटायच्या. पहिली चाचणी दिली आणि घरी येऊन आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "जिवाला घोर लावून काय मिलतंय गो? ज्याच्यात मन रमेल ता घे," आत्या म्हणाली. शाखा बदलायची मुदत संपत आली होती. मी बदलून घेतली. तुम्हाला कळवावं असं मनात आलं होतं. पण तुम्ही "थांब" म्हणाल, आणि मला थांबायचं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बायोलॉजीच्या मॅडम माझा पेपर घेऊन आर्ट्सच्या वर्गापर्यंत आल्या. वर्गात माझा दुसरा नंबर होता. बाकीच्या विषयांतही पास होते. मॅडम म्हणाल्या, "अगं, मराठी शाळेतून आलेल्या सगळ्यांनाच दिवाळीपर्यंत जड जातं. मला विचारायचंस तरी!" मी तशीच ऑफिसात धावले. माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

नापास झाले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं.

आर्ट्स वाईट नाही. भूगोल मला आवडतो. फक्त सायन्सच्या मुली प्रॅक्टिकलला निघाल्या की मी वाचनालयात शिरते.

हेही मी आणखी काही दिवस लपवलं असतं. पण दसऱ्याला घरी गेले, तेव्हा जेवताना आमच्या पिंकीने बाबांना विचारलं, "मलापण सायन्सला घालाल ना?" आत्याकडून बाबांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या ताईला झेपला नाय, तुला काय झेपनार?" पिंकी माझ्याकडे बघत राहिली. मी भात कालवत राहिले.

सकाळी उठून मिठागरावर गेले. बाबा बांधाला चिखल लावत होते. म्हटलं, "बाबा, मला झेपत होतं. मी घाबरले."

त्यांनी चिखलाचा आणखी एक गोळा बांधावर थापला. मग म्हणाले, "बाईंना सांगितलास? तुझ्यासाठी भर पावसात दोनदा आल्या व्हत्या घरी. त्यांच्या शब्दावर तुला धाडली."

"नाही."

"मंग आधी त्यांना कलव. पिंकीचा काय करायचा ता त्यांनाच येऊन बोलू दे. माझा आता डोका चालत नाय."

म्हणून हे पत्र. माझ्यावर रागवा, पण एकदा आमच्या घरी जा. पिंकी माझ्यापेक्षा हुशार आहे आणि धीट आहे. माझ्यामुळे तिची वाट बंद झाली, तर मी आयुष्यभर तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकणार नाही. मुलींसमोरही येईन, तुम्ही अजून बोलावलंत तर. जे झालं तेच सांगेन.

तुमच्या शब्दावर निघालेली आणि तुम्हाला न विचारता मागे फिरलेली,
नम्रता