फळीवर न मावलेला बोंबार्दिनो

प्रिय सेंतो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र थेट भट्टीत टाकणार होतास, हे मला ठाऊक आहे. टाकलं नाहीस म्हणजे अर्धं काम झालं. आपल्या घरांच्या मध्ये एक चौक आणि एक कारंजं, तरी टपालाने पाठवतोय; कारण मी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो असतो तर तुमच्या नव्या बँडच्या कॅफेतल्या रिकामटेकड्यांनी दुपारच्या आत गावभर केलं असतं. तुमच्या बँडला नवा म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. सव्वाशे वर्षं झाली आमच्यातून फुटून, आणि अजून नवेच. आमचा जुना, तुमचा नवा. बँड दोन, कॅफे दोन, बेकऱ्या दोन. तुझ्या बेकरीचा पाव चांगला असतो हे माहीत असूनही मी जन्मभर दुसऱ्या बेकरीचं रबर चावत आलो. उपकार म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगतोय.

आमच्याकडे नवा मास्तर आलाय, तुझ्या कानावर असेलच. बारीक टाय, बारीक मिशी, बारीक अक्कल. त्याला सगळ्या गावाला सिनेमाचं संगीत ऐकवायचंय. उन्हाळ्यात त्याने तालमीच्या खोलीतलं कपाट उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाला, "बातिस्तकाका, हे एकतर कॉम्प्युटरवर घ्या, नाहीतर सांता सेसिलियाच्या सणाआधी रद्दीत जाईल. जागा लागणार आहे." कशाला, तर वादळाचा आवाज काढायचा पत्रा ठेवायला. त्या कपाटात मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून, खिळ्यांच्या खोक्यांवर कागद ठेवून लिहिलेलं सगळं आहे. मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांचे पासोदोब्ले, मिरवणुकीत वाजतात त्या चाली, उतरवता उतरवता एक दिवस हात स्वतःहून चालायला लागला, एवढंच. त्यातलं बरंच वाजलं, काही फक्त तालमीत वाजलं, आणि एक कधीच वाजलं नाही. ते कुठलं, हे तुला सांगायला नको. माझे ओठ आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, सेंतो. ते पुरते थकायच्या आत हे कागद कुणा वाजवणाऱ्याच्या हाती जावेत, एवढी एकच इच्छा उरली होती.

मग वाचनालयात जाऊन बसलो. सगळे सूर एकेक करून पडद्यावर चढवले. डोळे गेले, मान गेली, पण झालं. आता तू विचारशील, फुकट वाटून का टाकलं नाहीस? अरे, फुकट आलेलं संगीत बँडवाले कपाटात कोंबतात, तू-मी हेच केलं ना? तीन युरो मोजले की निदान एकदा वाजवून बघतात, पैसे वसूल करायला. आणि तीनच, कारण डोंगरातले ते छोटे बँड, ज्यांच्या ढोलाला चिकटपट्ट्या आहेत, त्यांनाही परवडलं पाहिजे. म्हणजे मला इंटरनेटवर असं दुकान हवं होतं, जे तीन युरोंतले दोन स्वतःच खाऊन ढेकर देणार नाही. माझी अपेक्षा एवढीच. आणि एवढ्यापायीच मी जे लोक पाहिले, त्यांच्यापुढे आपल्या आठवडी बाजारातले घड्याळं विकणारे संत वाटायला लागले.

पहिल्याने भाडं मागितलं. दर महिन्याला, विक्री होवो न होवो. मी जन्मभर लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. स्क्रू विकला गेला नाही तर मी त्या स्क्रूकडे भाडं मागितलं नाही. आणि इथे तर फळीवर काही ठेवलेलंच नाही! ना वजन, ना धूळ, ना गंज. नसलेल्या जागेत नसलेल्या वस्तूचं भाडं. दोन आठवडे फुकट म्हणे, पण त्यासाठी बँकेच्या कार्डाचा नंबर आधीच द्या. म्हणजे जेवण फुकट, फक्त पाकीट आमच्या हातात देऊन बसा. मी उठलो.

दुसऱ्याने भाडं मागितलं नाही. मी खूश होऊन पासोदोब्ले चढवायला घेतला आणि आपल्यासारख्या माणसानेच करावी अशी चूक केली. आपल्याकडे ज्याचा कागद त्याच्या हातात. बासरीवाल्याला बासरीचा, पहिल्या क्लॅरिनेटला पहिल्याचा. तसा मी प्रत्येक वाद्याचा कागद वेगळी वस्तू म्हणून मांडला. बासऱ्या झाल्या, क्लॅरिनेटं झाली, एक सॅक्सोफोन झाला आणि पडद्यावर पाटी आली की फुकटच्या दुकानात दहाच वस्तू बसतात, पुढच्यासाठी पैसे भरा. झालं! बोंबार्दिनो, माझं ते जाडजूड पितळी वाद्य, बाहेर. बँडमध्ये आयुष्यभर मागच्या रांगेत बसून पों-पों केलं, सुराला हात लावू दिला नाही कुणी, आणि आता स्वतःच्या दुकानातसुद्धा मला फळीवर जागा नाही. वाचनालयात एकटाच हसत बसलो. ग्रंथपालबाईंनी पाणी आणून दिलं. मग सगळे कागद एका फाइलीत बांधल्यावर कळलं की हा माणूस दर विक्रीमागे टक्केवारी घेतो ती घेतोच, वर प्रत्येक वेळी एक ठरलेली चिमूटही उचलतो. शंभर युरोंच्या मालाला ती चिमूट दिसत नाही, तीन युरोंच्या मालात ती मूठ होते. स्वस्त माल विकणाऱ्याने आधी हीच चिमूट बघावी. टक्केवारी मोठ्या अक्षरांत असते आणि ही तळाशी, मुंगीच्या अक्षरांत. शिवाय माझ्या पासोदोब्लेच्या खाली तो परक्यांचा माल लटकवत होता. कुठला? सिनेमाचं संगीत. आमच्या मास्तराची ही जात सगळीकडे पोचलीय.

तिसऱ्याबद्दल तर लिहूही नये. त्याने पैशांचं काही विचारण्याआधी माझं स्वप्न विचारलं. मी लिहिलं, बोंबार्दिनोला एकदा सूर मिळावा. त्यावर उत्तर आलं, "भन्नाट, बातिस्त! तुझा प्रवास आता सुरू होतोय!" ओळख ना पाळख, आणि अरे-तुरे. माझ्या नातवाच्या वयाचाही नसेल लिहिणारा, नाहीतर माणूसच नसेल. मग रोज सकाळी पत्र. तुझा चेहरा दाखव, तुझी कहाणी सांग, गिऱ्हाइकांशी नातं जोड, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आगीचं चित्र. मी तीन युरोंचा कागद विकायला निघालो होतो, लग्न जमवायला नाही. आणि मुद्द्याची गोष्ट खोदून काढली तर ही, की जमलेले पैसे शंभर युरो झाल्याशिवाय हातात देणार नाहीत. तोवर मी सांता सेसिलियाचा सण वरूनच बघत असेन.

शेवटी एक सापडलं. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या नोटिशीसारखं कुरूप. रंग नाही, आग नाही, माझ्या स्वप्नांची चौकशी नाही. भाडं नाही, चिमूट लहान, परक्या देशातल्या गिऱ्हाइकाचा कर तेच परस्पर भरणार, आणि नाही पटलं तर गिऱ्हाइकांची नावं घेऊन चालते व्हा, असं स्वच्छ लिहिलेलं. एवढा उद्धटपणा बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिथेच दुकान मांडलं.

सगळं चढवलं. औषधवाल्याचा पासोदोब्ले, दोन्ही सरपंचांचे, नोटरीच्या मुलीचा, ज्याच्या ज्याच्या नावाने लिहिला त्याचा. आणि शेवटी कपाटाच्या तळातून तुझा काढला. ज्याच्या नावाचा पासोदोब्ले त्याला तो दिला जातो, विकला जात नाही, ही आपल्या गावची रीत मी विसरलेलो नाही. म्हणून किमतीच्या जागी शून्य लिहिलं. तर त्या यंत्राने सांगितलं, शून्य चालत नाही, निदान एक लिहा. तुझी किंमत एक युरो ठरली, सेंतो. मला जास्त वाटली, पण इलाज नव्हता.

तो मी कधी लिहिला ते तुला माहीत आहे. तू आमच्याकडे पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसणार होतास. सांता सेसिलियाच्या दिवशी नव्या माणसाला घरून वाजत-गाजत आणतात, तसं तुला आणायचं आणि चौकात हा वाजवायचा, असं मी मनात ठरवलं होतं. शेवटच्या भागात तुझ्या क्लॅरिनेटला मुद्दाम उंच सूर दिला, तुझी मिजास होती तेवढा उंच. त्यात तू रेमेईच्या प्रेमात पडलास, आणि तिचा बाप नव्या बँडचा मोठा ढोल वाजवणारा. त्या वर्षी बँड तुझ्या दाराशी आला, पण तो तुमचा. माझ्या दुकानावरूनच गेलात. तू मधोमध, कानापर्यंत लाल. मी हातात तुझे कागद घेऊन उभा होतो, काही ठिकाणी शाईसुद्धा ओली. आमच्या म्हाताऱ्या लेआंद्रे मास्तरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "त्या माणसाचं नाव इथे वाजणार नाही." तुमच्याकडे द्यावा तर तुम्ही जुन्याच्या हातचं काही वाजवत नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाला वाटतं की कारंज्याच्या अलीकडे लिहिलेल्या सुराने ताप येतो. झालं, तुझा पासोदोब्ले तिथेच चौकात लटकला. आपण दोघेही. तेव्हापासून समोरासमोर आलो की नुसती मान हलवतो, तीही टोपी सरळ करतोय असं दाखवून.

आता मूळ गोष्ट. गेल्या आठवड्यात पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि अक्षरं आली, की अभिनंदन, तुमची पहिली विक्री. त्या कुरूप दुकानालाही एवढी हौस आवरली नाही. वाटलं, डोंगरातला कुठला तरी बँड असेल, किंवा पोर्तुगालचा. बघतो तर एक युरोचा तो एकच, आणि घेणाऱ्याच्या नावाच्या जागी फिलोमेना. तुझी सासू. तुझी सासू, सेंतो, मोठ्या पुराच्या आधीपासून दफनभूमीत आहे. जिवंत होती तेव्हा जुन्या बँडची मिरवणूक आली की धाडधाड खिडक्या लावायची, आणि त्याही तालात. ती बाई मेल्यावर बँकेचं कार्ड काढून माझा पासोदोब्ले विकत घेते? तुला दुसरं नाव सुचलं नाही? गाढवा, तुझ्या पिठाच्या गोण्यांवरसुद्धा नावं असतात, त्यातलं एखादं घ्यायचं होतंस.

आणि एवढ्यावर थांबली नाही बाई. त्या दुकानात गिऱ्हाइकाला तारे देता येतात, पाचपैकी. फिलोमेनाबाईंनी दोन दिले, आणि खाली लिहिलं, "शेवटच्या भागातला क्लॅरिनेटचा वरचा सूर कवळी बसवलेल्या माणसाला लागत नाही. लिहिणाऱ्याने पुढचा विचार करायला हवा होता." मी ते किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. तू नुसता विकत घेतला नाहीस. तू तो वाजवायला बसलास, भट्टीमागच्या खोलीत, दारं लावून, आणि तो सूर पुन्हा पुन्हा काढून बघितलास. कवळी निसटली असेल. देवाशप्पथ, ते बघायला मी आणखी एक युरो दिला असता.

म्हणून हे पत्र. सोबत जो कागद आहे तो माझ्या हातचा आहे, शाईचा, तो त्या दुकानात नाही आणि कधी नसेल. तुझी ओळ खालच्या सप्तकात आणली आहे, कवळीला झेपेल अशी. वरचे ते सूर टाकून द्यायला मन झालं नाही, म्हणून ते बोंबार्दिनोला दिलेत. तेवढेच. माझे ओठ तेवढे पुरतील. तुझा एक युरोही पाकिटात आहे. ज्याच्या नावाचा त्याला दिला जातो. सांता सेसिलियाच्या सकाळी, दोन्ही बँड आपापल्या कॅफेत शेंगदाणे सोलत असतील तेव्हा, मी एकटा कारंजं ओलांडून तुझ्या दाराशी येणार आहे, आणि तुला न्यायला हाच पासोदोब्ले वाजवणार आहे. क्लॅरिनेट घेऊन खाली ये. रेमेईलाही आण, तिच्या आईचा तसा माझ्यावर काही राग नव्हता. नाही आलास तरी मी थांबणार नाही. माझ्या वाट्याचं वाजवेन: पों-पों, पों-पों, मध्ये तुझी रिकामी जागा तेवढ्याच लांबीची, आणि पुन्हा पों-पों. सगळी गल्ली खिडक्या उघडेल, फिलोमेनाबाईंच्यासुद्धा, आणि दोन्ही बँडना कळेल की बेकरीवाल्याला सूर लागत नाही. नंतर हवे तितके तारे कापून घे.

तुझाच,
(मान हलवणारा)
बातिस्त